बॅरल ठीक आहे

४ नोव्हेंबर

उपाशी १७८. जेवणानंतरची मोजली नाही, पट्ट्या संपल्यात.

डॉक्टरबाईंनी ही वही शुगरच्या आकड्यांसाठी घालायला सांगितली. आकड्यापुढे पानभर जागा मोकळी राहते म्हणून दिवसभराचं थोडं लिहून ठेवतो. शोभा म्हणते, बायकोशी बोलायला दम नसतो, वहीशी बरे बोलता.

आज मुलुंडला नेमबाजीच्या हॉलवर पोचेपर्यंतच जीव गेला. तिथल्या रायफली तपासणं-दुरुस्त करणं माझ्याकडे असतं. बसस्टॉपपासून पाच मिनिटांची वाट, मला पंधरा लागतात. तळपायांची आग. दुपारी शिर्के सरांनी बोलावलं. क्लबचे कोच तेच आणि सेक्रेटरीही तेच, त्यामुळे एकच काम दोनदा ऐकावं लागतं. म्हणाले, इंगळे, पल्लवीची रायफल नीट बघा एकदा. शॉट फुटतायत तिचे.

पल्लवी राणे. भांडुपची. सोळा वर्षांची असताना आली, आता तेवीस. दहा मीटर एअर रायफल. आमच्या हॉलमध्ये इतका शांत हात दुसरा नाही. जुलैत स्वतःची रायफल घेतली तिने, सेकंडहँड, जर्मन. आधीच्या मालकाने तीन वर्षं माळ्यावर टाकली होती. तेव्हापासून असं चाललंय: पहिल्या वीस गोळ्या सुरेख, मग मध्येच एखादी दहाऐवजी आठवर जाते. मॅच साठ गोळ्यांची. डिसेंबरात राज्याची ट्रायल आहे. त्यात नंबर लागला तर खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरीला अर्ज करता येतो. ती त्याच एका अर्जासाठी थांबलीय.

६ नोव्हेंबर

१६९.

रायफल बघितली. स्क्रू, सील, ट्रिगर, सगळं जागच्या जागी. बॅरल साफ केली. मग एक पेलेट, म्हणजे शिशाची बारीक गोळी, मागून घालून रॉडने हळूहळू पुढे सरकवली. हे बोटांचं काम आहे. आत कुठे घट्ट, कुठे सैल, कुठे खरखर, ते रॉडमधून बोटांना कळतं. विक्रोळीला टूलरूममध्ये होतो तेव्हा बाकीचे गेज शोधत बसायचे, मी बोट फिरवून सांगायचो. पेलेट लोण्यातून जावी तशी गेली.

खरं तर रायफल वाइसमध्ये, म्हणजे लोखंडी शिकंज्यात, आवळून कागदावर साठ गोळ्या मारून बघायला हव्या होत्या. माणसाचा हात मधून निघाला की दोष कुणाचा ते कळतं. पण वाइसचं बूड सैल झालंय, ते बसवायचं, मग तासभर उभं राहायचं. पाय साथ देईनात. नाही केलं.

रजिस्टरात लिहिलं: बॅरल ठीक आहे. खाली सही.

पल्लवी दारातच उभी होती, काका, रायफलमध्येच काही आहे का, विचारलं. तिला म्हटलं, बॅरल ठीक आहे, हात बघ. मान हलवून गेली.

१३ नोव्हेंबर

शिर्के सरांनी पल्लवीची उभं राहायची ढब बदललीय. सात वर्षं ज्या पायांवर उभी राहिली ते पाय आता दोन इंच इकडे. त्यांचं म्हणणं, वीस गोळ्यांनंतर ढेपाळते म्हणजे अंगात ताकद नाही आणि डोकंही कच्चं आहे. रोज सकाळी बिल्डिंगचे जिने चढायचे, संध्याकाळी अर्धा तास डोळे मिटून बसायचं. ती सगळं करते.

मला आज काही खायची इच्छा नाही. शोभाने भाकरी केली होती, अर्धी ठेवली.

२१ नोव्हेंबर

१९४. काल चुलतभावाकडे लग्नाचं जेवलो, त्याचं हे.

पल्लवी परत विचारायला आली. मी खाली बसून सिलिंडरचे वॉशर बदलत होतो, कंबर धरलेली. म्हणाली, काका, नक्की ना? बॅरल परत एकदा बघता का?

मी चढ्या आवाजात बोललो. म्हटलं, तीस वर्षं हेच करतोय मी, तुझा विश्वास नसेल तर दुसरीकडे दाखव. दुसरीकडे म्हणजे कुठे? तिला कुठे जायला जागा आहे.

सॉरी काका, म्हणाली.

हे लिहिताना बरं वाटत नाही. दुखणं माझं आणि ऐकून घेतलं तिने.

७ डिसेंबर

ट्रायल झाली. मी गेलो नव्हतो, शिर्के सरांचा फोन आला. पहिल्या दोन सिरीजनंतर, म्हणजे वीस गोळ्यांनंतर, पल्लवी दुसरी होती. शेवटी अकरावी. आठ जणी घेतल्या.

सर म्हणाले, शेवटी जिगर लागते इंगळे.

मी हो म्हणालो.

१८ डिसेंबर

पल्लवीची आई क्लबात आली होती. मालवणकडची बाई, इथे भांडुपला शाळेच्या कँटीनमध्ये काम करते. रायफल घेऊन आली, विकायची म्हणून क्लबात ठेवा म्हणाली. पल्लवी स्वतः आली नाही.

सर नव्हते, मीच ठेवून घेतली. बाई टेबलापाशी थांबून राहिली. म्हणाली, "चेडू जेवताना घास तसोच ठेवता आणि आपल्या हाताकडे बघीत बसता. तुम्ही सांगा भावजी, काय झाला तिका?"

मी म्हटलं, खेळात होतं असं, पोरगी सावरेल. दुसरं काय सांगणार होतो?

२ जानेवारी

१६१. बरी आहे.

पल्लवी पवईच्या एका ऑफिसात लागली. लोकांच्या तक्रारी फोनवर ऐकायच्या. हॉलमधल्या मुलींकडून कळलं. रायफल माझ्या कपाटात पडून आहे. येता-जाता दिसते. एकदा तेल फिरवलं.

१६ जानेवारी

आज डॉक्टरबाईंनी नसांची तपासणी केली. एक नायलॉनचा धागा असतो, दाढीच्या ब्रशच्या केसाएवढा. डोळे मिटायला सांगितले. धागा टोचला की हो म्हणायचं. तळपाय झाले, मग हात. मी वाट बघत बसलो. बऱ्याच वेळाने म्हटलं, बाई, सुरू करा ना.

त्या म्हणाल्या, "काका, उजव्या हाताच्या तीन बोटांना माझं चार-चार वेळा लावून झालंय."

डोळे उघडले तर धागा बोटावर टेकवलेलाच होता, वाकलेला. मला दिसत होता, लागत नव्हता.

हे एका महिन्यातलं नाही, दीड-दोन वर्षं तरी चाललं असणार, म्हणाल्या. गरम भांडं, ब्लेड यांना जपा. गोळी वाढवली.

परत येताना बसमध्ये खिडकीच्या गजावर बोटं फिरवत राहिलो. अंगठा आणि करंगळीला थंड लागत होतं. मधल्या तिघांना नाही. घाटकोपरला उतरायचं होतं, दोन स्टॉप पुढे गेलो.

सहा नोव्हेंबरला रॉड याच तीन बोटांत धरला होता.

१९ जानेवारी

सोमवार, हॉल बंद. शनिवारीच रायफलची बॅरल सोडवून चिठ्ठी लिहून घरी आणली होती. दोन दिवस पिशवीत तशीच. आज जेवण झाल्यावर टेबलावर कापड अंथरलं आणि शोभाला बोलावलं.

शोभा ब्लाउज शिवते. अठ्ठावीस वर्षं. हुक लावताना खाली बघतसुद्धा नाही, बोटांनीच लावते. तिला रॉड दिला, पेलेट घालून दिली, म्हटलं हळूहळू ढकल आणि काय लागतंय सांग. आधी काहीच सांगितलं नाही, म्हणजे मनाचं घालणार नाही.

ढकलत गेली. साधारण मध्याच्या पुढे थांबली. "इथे अडतंय."

कुठे?

"इथे. आता एकदम सुटलं. मघाशी होतं त्यापेक्षा सैल."

तिने मार्किंगच्या खडूने रॉडवर खूण केली. दुसरी पेलेट घातली, तिला डोळे मिटायला सांगितले. खूण तिथेच. तिसरी. तिथेच. तिन्ही खुणा एकमेकींवर.

मग मी स्वतः ढकलली. लोण्यातून जावी तशी.

शोभाने विचारलं, तुम्हाला नाही लागत हे? मी रॉड पुसत राहिलो. तिने कापड घडी करून ठेवलं.

माळ्यावरची ओल. आत बारीक गंज धरलाय. बॅरल साफ असली की पहिल्या वीसेक गोळ्या बऱ्या जातात, मग त्या खरखरीत जागी शिसं चढत जातं, आणि पेलेट वाकडी सुटते. पोरगी ढेपाळत नव्हती.

२० जानेवारी

वाइसचं बूड बसवलं. तासाभराचं काम. नोव्हेंबरात हा तास निघाला नव्हता.

बॅरल परत चढवून रायफल आवळली आणि साठ गोळ्या मारल्या. चोविसाव्या गोळीपर्यंत एकच भोक. पंचविसावी डावीकडे. मग दर सात-आठ गोळ्यांमागे एक बाहेर. तिच्या नोव्हेंबरच्या कागदांशी लावून बघितलं. तेच.

कागद कपाटात ठेवला. कुणाला बोललो नाही.

२६ जानेवारी

सकाळी झेंडा. शिर्के सर म्हणाले, रायफलला गिऱ्हाईक आलंय, मुलुंडचेच एक दातांचे डॉक्टर, हौस म्हणून मारणार.

तेव्हा सांगितलं. कागद दाखवला.

सरांनी बराच वेळ बघितला. ते वाईट माणूस नाहीत. म्हणाले, ट्रायल परत होणार आहे का? पोरगी नोकरीला लागली, विसरायला लागली असेल. आता तिच्या डोक्यात हे घातलंत तर आयुष्यभर कुढत बसेल. डॉक्टरांना काय, दहा-वीस गोळ्या मारून घरी जातील. आणि इंगळे, हे बाहेर गेलं तर बाकीचे सगळे आपापल्या रायफली घेऊन येतील. तुमचं काय होईल ते बघा.

चहा पाजला त्यांनी. त्यांचं म्हणणं मला पटलं. खरंच पटलं. घरी येईपर्यंत पटलेलंच होतं.

३० जानेवारी

१८८.

चार दिवस झाले. मी स्वतःला सांगतोय की तिच्या भल्यासाठी गप्प आहे. शोभाला तसं म्हटलं. ती मशीनवर होती, पाय थांबवले नाहीत. म्हणाली, "तिची आई विचारायला आली तेव्हा तुम्हाला माहीत नव्हतं. आता माहीत आहे."

एवढंच.

३ फेब्रुवारी

पवईला गेलो. शोभाने एका मुलीकडून नंबर मिळवून दिला. पल्लवीने जेवणाच्या सुट्टीत खाली यायचं कबूल केलं. ऑफिससमोर रस्त्यापलीकडे चहाची टपरी आहे, तिथे. गळ्यात ऑफिसचं कार्ड, केस कापलेत. बसा काका, म्हणाली. मी उभ्यानेच सांगितलं. बसलो असतो तर बोलता आलं नसतं.

सगळं सांगितलं. नायलॉनचा धागा, शोभाची बोटं, वाइसमधल्या साठ गोळ्या. वाइस नोव्हेंबरात का लावला नाही तेही. पायाचं कारण सांगताना लाज वाटली.

ती चहाच्या ग्लासाकडे बघत होती. मग विचारलं, "कधी कळलं तुम्हाला?"

एकोणीस जानेवारीला.

"आज तीन फेब्रुवारी."

हो.

"मी तुम्हाला दोनदा विचारलं होतं."

हो म्हटलं.

"दुसऱ्यांदा तुम्ही ओरडलात. मग मी विचारायचंच सोडलं." मग म्हणाली, "काका, मी उजव्या हाताने पाणी प्यायचं बंद केलं होतं. ग्लास हलतो का ते दिसू नये म्हणून. अजून डाव्यानेच पिते."

ग्लास डाव्या हातातच होता. माझ्या आधी लक्षात आलं नव्हतं.

माफ कर असं म्हणालो की नाही ते नीट आठवत नाही. म्हणालो असेन. सुट्टी संपली, अर्धा चहा ठेवून रस्ता ओलांडून गेली.

मी तिथेच बाकावर बसलो. टपरीवाल्याने दोनदा विचारलं, और कुछ?

९ फेब्रुवारी

काही नाही. तिचा फोन नाही. सरांना म्हटलं त्या दातांच्या डॉक्टरांना थोडं थांबवा, रायफल अजून तिची आहे, तिला विचारल्याशिवाय देता येणार नाही. नाराज आहेत.

१५ फेब्रुवारी

सकाळी मेसेज. दोनच शब्द. विकू नका.

दुपारी अजून एक. नीट होते का?

लिहिलं, लॅपिंग करून बघता येईल. खात्री नाही. बिघडूही शकते.

खात्री नाही हे लिहायला फार वेळ लागला.

२२ फेब्रुवारी

रविवार. पल्लवी घरी आली, अकराला. शोभाने उपमा केला होता, तिने थोडा घेतला. कमी बोलली.

सगळी तयारी मी करून ठेवली होती. लॅपिंग म्हणजे आतून घासून गुळगुळीत करणं. रॉडच्या टोकाला सुतळी गुंडाळायची, बॅरलमध्येच शिसं ओतायचं, म्हणजे आतल्या वळणदार आट्यांचा हुबेहूब ठसा असलेला शिशाचा बोळा तयार होतो. त्याला तेल आणि बारीक पेस्ट लावून पुढे-मागे ओढत राहायचं. तोंडाकडची शेवटची दोन बोटं जागा कंपनीने मुद्दाम घट्ट ठेवलेली असते, तिथे बोळा जाऊ द्यायचा नाही. म्हणून रॉडवर चिकटपट्टी लावून खूण केली. विक्रोळीला असताना असली कामं शेकड्याने केली.

शोभाला सांगणार होतो, तू ओढ, मी बघतो. पल्लवीने आधी पेलेट मागितली. म्हणाली, मला लागतंय का बघू दे.

डोळे मिटून ढकलली. खूण आली तशी थांबली. रॉड तसाच धरून बसली, पुढे नाही, मागे नाही. मिनिटभर तरी. शोभा उठून आत गेली.

"हेच?" तिने विचारलं.

हेच.

पुढे ढकलून पेलेट बाहेर काढली, तळव्यावर घेतली. बाजूला एक तिरपा ओरखडा. ती बघत राहिली. मग म्हणाली, "मी करते. तुम्ही फक्त सांगा."

मी सांगत गेलो. दाबू नको. रॉड आपोआप फिरतो, फिरू दे. टोकाला थांबू नको. एकसारखा हात. तिला शिकवावं लागलं नाही. मी मांडीवर हात ठेवून बसलो. तीस वर्षांत पहिल्यांदा माझ्यासमोर काम चालू आणि माझे हात रिकामे.

वीस-पंचवीस हात झाले की पुसायचं, नवी पेलेट ढकलून बघायची. तिसऱ्या खेपेला म्हणाली, कमी झालंय. चौथ्याला, अजून कमी. पाचव्याला म्हणाली, जरासं आहे.

मी म्हटलं, आता थांब. जास्त घासलं तर ती जागा बाकीच्यापेक्षा मोठी होईल, गेलेलं लोखंड परत येत नाही. एवढं ठीक आहे.

तिने वर बघितलं. "कशावरून ठीक आहे?"

अंदाज, म्हटलं. आवाजावरून. नक्की नाही सांगता येत.

तिने बोळ्याला परत पेस्ट लावली. मग अजून दहा हात मारले, मोजून. पेलेट ढकलली. परत सहा हात. परत पेलेट. मग रॉड खाली ठेवला.

"आता नाही लागत."

शोभाला बोलावून तिच्याकडून तपासून घेतलं. शोभा म्हणाली, शेवटी घट्ट आहे फक्त, तोंडाशी. ते असायचंच.

पल्लवीचे हात काळे झाले होते. बेसिनवर बराच वेळ धूत होती. जाताना शोभाला "येते काकू" म्हणाली. माझ्याकडे बघून मान हलवली.

१ मार्च

हॉलवर वाइसमध्ये साठ गोळ्या. मधे साफ न करता. अठ्ठावन्न एका भोकात, दोन त्याला चिकटून.

कागदाचा फोटो पाठवला. तिने बघितल्याच्या दोन निळ्या खुणा आल्या. बाकी काही नाही.

७ मार्च

रजिस्टर काढलं. सहा नोव्हेंबरची नोंद खोडली नाही. खाली नवीन लिहिली: वरील तपासणी चुकीची होती. बॅरलमध्ये दोष होता. वाइसवर चाचणी केली नव्हती. तपासणाऱ्याच्या उजव्या हाताच्या तीन बोटांना संवेदना नाही. सही, तारीख.

शिर्के सरांनी वाचलं. हे लिहायची गरज होती का, एवढंच विचारलं. मग खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, मी तिचे पाय हलवले इंगळे. सात वर्षांचे पाय.

कमिटी ठरवेल मला ठेवायचं की नाही. मीटिंग पुढच्या महिन्यात.

११ मार्च

गेल्या दोन वर्षांत याच बोटांनी सदतीस रायफली पास केल्यात. यादी काढली. सगळ्या वाइसवर परत घेणार. रोज एकच होते, त्यातच पाय संपतात. आज चौथी झाली. चौथी चांगली निघाली. पहिल्या तिन्हीही. तरी उद्या पाचवी लावायची भीती आहेच.

शोभाने बसायला उंच स्टूल दिलंय, तिच्या मशीनचं. ती आता प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून शिवते.

२९ मार्च

१७४.

एकोणिसावी रायफल खराब निघाली. तशीच नाही, वेगळा दोष, पण होता. एका कॉलेजच्या मुलीची. तिला बोलावून सांगितलं. ती म्हणाली बरं झालं काका सांगितलंत, आणि हसली. तिला ट्रायल-बियल काही नव्हती.

१४ एप्रिल

जयंती. सकाळी विहारात वंदना झाली, मग वस्तीतल्या लोकांबरोबर मिरवणुकीत थोडं चाललो. पूर्ण चालणं झालं नाही, कोपऱ्यावर बाकड्यावर बसलो. निळे झेंडे समोरून जात होते, पोरं गुलाल उडवत होती. शोभा पुढे गेली बायकांबरोबर.

कमिटीची मीटिंग पुढे ढकलली.

२४ एप्रिल

संध्याकाळी सातच्या सुमाराला पल्लवी आली. ऑफिसमधून सरळ, गळ्यातलं कार्ड तसंच. हॉलमध्ये दोघीजणी होत्या, त्या जागा आवरत होत्या. सर गेलेले.

रायफल मागितली. मी काढून दिली. नेमबाजीचं जॅकेट घरी आहे म्हणाली, राहू दे. पाय ठेवताना जरा अडखळली. सरांनी शिकवलेले पाय ठेवले, मग ते उचलले, मग जुने ठेवले. मग दोन्हीच्या मधे कुठेतरी.

चाळीस मारल्या. मी मागे स्टुलावर. चार महिने हात लावलेला नाही, ते दिसत होतं. खांदा चढत होता, श्वास लांबत होता. पहिल्या दहात फार फाकल्या असणार. नंतरच्या मला मागून दिसल्या नाहीत, डोळेही आता तसेच. तिच्या पाठीवरूनही काही कळेना.

झाल्यावर तिने कागद जवळ ओढून घेतला आणि दिव्याखाली धरून बघितला. बराच वेळ. कशा गेल्या ते मी विचारलं नाही. मला विचारायचा हक्क आहे असं वाटलं नाही.

कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. रायफल पुसून स्वतःच केसमध्ये घातली, केस माझ्या कपाटात ठेवली, घरी नेली नाही. नेली असती तर मला काही अर्थ लावता आला असता.

दारात थांबली. "काका, रविवारी हॉल कितीला उघडतो?"

नऊला, म्हटलं.

"बघते," म्हणाली आणि गेली.

घरी आल्यावर शोभाने विचारलं, येणार का ती? म्हटलं, माहीत नाही. जेवून झोपतो. पाय फार दुखतायत.